बेसबॉलचा रोबेर्तो क्लेमेंते पुरस्कार आणि त्यामागचा माणूस

पिट्सबर्गकर
१५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे सामने लावलेत तर बऱ्याच खेळाडूंच्या पाठीवर एकच आकडा दिसेल, २१. पिट्सबर्ग पायरेट्सचा तर अख्खा संघच त्या दिवशी २१ घालून उतरतो. हा आकडा रोबेर्तो क्लेमेंतेचा. त्याच्या नावाने दरवर्षी एका खेळाडूला पुरस्कार देतात. माझ्या लेखी तो बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान आहे, सर्वोत्तम खेळाडूच्या किताबापेक्षाही मोठा. का, ते सांगायला हा धागा.

आधी पुरस्काराचं. १९७१ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नाव कमिशनर्स अवॉर्ड होतं. पहिला मान विली मेजला, दुसऱ्या वर्षी ब्रूक्स रॉबिन्सनला. १९७३ मध्ये त्याला क्लेमेंतेचं नाव दिलं आणि त्या नावाने तो पहिल्यांदा मिळाला डेट्रॉइटच्या अल केलाइनला. लीगमधले तीसही संघ आपापला एकेक खेळाडू सुचवतात आणि त्यांतून एक निवडला जातो. खेळाडूचं चारित्र्य कसं आहे, समाजात तो किती मिसळतो, स्वतःच्या कमाईतून आणि वेळातून काय देतो, हे बघतात. खेळ चांगला हवाच, पण खेळाच्या आकड्यांवर हा मिळत नाही.

आता माणूस. क्लेमेंते जन्मला १८ ऑगस्ट १९३४ ला, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावर, कॅरोलिना गावी. सात भावंडांत धाकटा. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. ब्रुकलिन डॉजर्सनी १९५४ साली त्याला करारबद्ध करून मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवलं आणि वर्ष संपायच्या आत पायरेट्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या फेरीत, उचललं. तिथून पुढे १९५५ ते १९७२, सगळे अठरा हंगाम तो पिट्सबर्गकडूनच खेळला. चार वेळा नॅशनल लीगमधली (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम बॅटिंग सरासरी, क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, १९६६ चा तिथला सर्वोत्तम खेळाडू. १९६० आणि १९७१ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, पायरेट्सनी जिंकली. त्या दोन्ही मिळून चौदा सामने झाले आणि चौदाही सामन्यांत त्याची हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं) आहे. तो राइट फील्डला उभा राहायचा, म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरच्या डीप कव्हरच्या बाजूला. तिथून थेट तिसऱ्या बेसवर त्याचा थ्रो यायचा, वाटेत टप्पा नाही. धावणारे त्याच्या हाताचा अंदाज घेऊनच पुढचा बेस घ्यायचा की नाही ते ठरवत.

हे सगळं मिळवताना त्याने काय सोसलं तेही लिहायला हवं. काळा आणि वर स्पॅनिश बोलणारा. फ्लोरिडात फोर्ट मायर्सला सराव शिबिर असायचं. तिथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरायचे आणि काळ्या खेळाडूंना गावाच्या काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी राहावं लागायचं. दौऱ्यावर बस जेवायला थांबली की गोरे आत जाऊन जेवणार, काळ्यांना डबा बसमध्ये. क्लेमेंतेने व्यवस्थापनाकडे मागणी लावून धरली आणि काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली. वर्तमानपत्रं त्याचं इंग्रजी मुद्दाम मोडकंतोडकं छापायची, समालोचक त्याला परस्पर 'बॉबी' करून टाकायचे. माझं नाव रोबेर्तो आहे, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. ती त्याची ३००० वी हिट आणि नियमित हंगामातली शेवटची.

त्यानंतर नोव्हेंबरात तो पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात गेला. तिथल्या राजधानीत, मानाग्वात, बरेच दिवस राहिला, लोकांत फिरला. पाय गमावलेला एक मुलगा भेटला, त्याच्या कृत्रिम पायांची व्यवस्था लावून दिली. घरी परतला आणि २३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मानाग्वाला भूकंप झाला. हजारो माणसं गेली, शहर कोसळलं. क्लेमेंते पोर्तो रिकोत मदत गोळा करायला लागला. नाताळ असूनही दिवसभर सान हुआनच्या स्टेडियमवर, लोकांच्या दारोदार. विमानं भरून सामान गेलं. मग निरोप आला की हुकूमशहा सोमोसाचे सैनिक विमानतळावरच माल दाबून ठेवताहेत, लोकांपर्यंत काही पोचत नाही. मी स्वतः बरोबर असलो तर माझ्यासमोर चोरणार नाहीत, असं म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो चौथ्या खेपेच्या विमानात बसला. उडाल्या उडाल्या विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. आतले पाचही जण गेले. क्लेमेंतेचा देह मिळालाच नाही. वय ३८.

कुणी म्हणेल, पुरस्कार त्याच्या मरणाचा आहे. मला तसं वाटत नाही. सामान पाठवून तो घरी बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. सामान माणसाच्या हातात पडतंय की नाही ते बघायला तो उठून गेला. दरवर्षी नामांकनं वाचताना मी तेवढंच शोधतो: हा गडी स्वतः जातो का?

लेगकटर
उत्तम लेख. मानाग्वाची चोरी माहीत नव्हती. पण एक शंका. आजच्या खेळाडूंच्या मागे प्रत्येकी एक फाउंडेशन असतं, ते चालवायला पगारी माणसं असतात, संघाचा जनसंपर्क विभाग फोटो काढायला हजर असतो. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्याने त्यातले थोडे दिले तर त्याची क्लेमेंतेशी बरोबरी करायची का? हा पुरस्कार संघांनी आपल्या प्रतिमेसाठी वापरलेला मला दिसतो.

सुनीती
लेगकटर, शंका रास्त आहे, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. २०२१ चा नेल्सन क्रूझ घ्या. डोमिनिकन रिपब्लिकमधलं लास मातास दे सांता क्रूझ हे त्याचं गाव. गावाला आगीचा बंब नव्हता, याने बंब आणून दिला. रुग्णवाहिका आणून दिली. दरवर्षी दातांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर गावात नेऊन लोकांची तपासणी करवतो. यात फोटोपुरतं काय आहे? बंब नसलेल्या गावात राहिलेल्यालाच पहिल्यांदा बंब सुचतो.

२०१२ च्या क्लेटन केरशॉचंही असंच. त्याने आणि त्याच्या बायकोने झांबियात अनाथ मुलांसाठी घर बांधलं, आणि दोघं तिथे स्वतः जाऊन राहून आले.

पिट्सबर्गकर
सुनीती, अगदी. बंबाचं उदाहरण मी सगळ्यांना सांगत असतो.

लेगकटर, पैशाबद्दल थोडं वेगळं म्हणेन. मोठी रक्कम वाईट नाही, ती कुठे जाते ते बघावं. कर्टिस ग्रँडरसनला २०१६ मध्ये मिळाला. त्याने शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाला, म्हणजे जिथे शिकला त्या ठिकाणी, ५० लाख डॉलर दिले आणि त्यातून बेसबॉलचं स्टेडियम उभं राहिलं. विद्यापीठाचा संघ तिथे खेळतोच, पण शहरातल्या गरीब वस्त्यांतली पोरंही खेळतात. शिकागोत काळ्या मुलांना चांगलं मैदान मिळणं किती अवघड आहे हे तिथलाच माणूस जाणतो.

रानवारा
३००० व्या हिटबद्दल: हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं ना? क्लेमेंतेच्या बाबतीत काय केलं?

पिट्सबर्गकर
अट बाजूला ठेवली. मार्च १९७३ मध्ये खास मतदान घेतलं, ४२४ पैकी ३९३ मतं पडली. त्याआधी असं फक्त न्यूयॉर्क यँकीजच्या लू गेरिगसाठी झालं होतं. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला लॅटिन अमेरिकेतला पहिला खेळाडू तोच.

अॅड_नीलिमा
अपघाताच्या बाजूने लिहिते, कारण अमेरिकेत कायदा शिकताना हा खटला मी अभ्यासला आहे आणि तो वाचून संताप होतो.

विमान डीसी-७, जुनं मालवाहू. त्याच महिन्याच्या सुरुवातीला सान हुआनच्या धावपट्टीजवळ चालवताना ते चरात जाऊन आदळलं होतं, प्रॉपेलर आणि इंजिनाला मार बसला होता. दुरुस्ती झाली, पण ती नीट तपासली गेली नाही. ३१ तारखेला विमानात मर्यादेपेक्षा ४,००० पौंडांहून जास्त वजन होतं. त्या जातीच्या विमानाला लागणारा प्रशिक्षित फ्लाइट इंजिनिअर नव्हता. मदतीचं सामान जितकं मावेल तितकं भरलेलं.

क्लेमेंतेच्या पत्नी व्हेरा आणि इतर मृतांचे कुटुंबीय अमेरिकन सरकारविरुद्ध कोर्टात गेले. विमान वाहतूक प्रशासनाच्या दक्षिण विभागाने स्वतःच एक आदेश काढला होता: अशा भाड्याच्या मोठ्या विमानांवर सतत नजर ठेवायची, उड्डाणाआधी तपासायचं. त्या रात्री तपासायला कुणी आलं नाही. जिल्हा न्यायालयाने १९७६ मध्ये कुटुंबीयांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला. तो आदेश खात्याच्या अंतर्गत कामापुरता आहे, त्याने प्रवाशांप्रति कायदेशीर कर्तव्य निर्माण होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

म्हणजे नियम होता, तो पाळला गेला नाही, पाच माणसं गेली, आणि तरी कुणाची जबाबदारी नाही. मी वकील आहे, अपील न्यायालयाचा युक्तिवाद मला कळतो. पण मला तो पटलेला नाही. त्या एका तपासणीने विमान जमिनीवर राहिलं असतं.

लेगकटर
हे भयंकर आहे. नीलिमाताई, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार.

माझा दुसरा मुद्दा मांडतो. पुरस्कारात खिलाडूवृत्तीही बघतात ना? मग १९७६ चा विजेता पीट रोझ. त्याला १९८९ मध्ये सट्टा लावल्याबद्दल खेळातून कायमचं बाहेर काढलं. २०२५ मध्ये, तो गेल्यानंतर, ती बंदी उठवली हा भाग वेगळा. १९९८ चा सॅमी सोसा, २००३ मध्ये त्याच्या बॅटीत बूच भरलेलं सापडलं, जे नियमाविरुद्ध आहे. २०१३ चा कार्लोस बेल्त्रान, ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या २०१७ च्या खुणा-चोरीत (प्रतिस्पर्ध्यांचे गुप्त इशारे चोरून वाचणं) त्याचं नाव आलं आणि मेट्सचं व्यवस्थापकपद हंगाम सुरू व्हायच्या आत गेलं. अशांची नावं यादीत राहू द्यावीत का?

सुनीती
राहू द्यावीत. सोसाला १९९८ मध्ये मिळाला कारण त्या सप्टेंबरात जॉर्जेस चक्रीवादळाने डोमिनिकन रिपब्लिकची वाताहत केली आणि त्याने मदत उभी केली. ज्यांच्या घरात ते धान्य पोचलं त्यांचं पोट बॅटीतल्या बुचाने रिकामं होत नाही. बेल्त्रानने पोर्तो रिकोत बेसबॉल शिकवणारी शाळा काढली. तिथे मुलं खेळतात आणि शालेय शिक्षणही पुरं करतात. ती शाळा खरी आहे.

अॅड_नीलिमा
मी थोडी लेगकटरच्या बाजूने. यादीतून नाव खोडू नये हे बरोबर. पण लीगने विजेत्यांची नावं मिरवताना पुढे काय झालं तेही सांगावं. चारित्र्याचा पुरस्कार म्हणायचा आणि चारित्र्याचा प्रश्न आला की गप्प बसायचं, हे मला खटकतं.

पिट्सबर्गकर
नीलिमाताईंशी सहमत. आणि या निमित्ताने एक विजेता सांगायचाच आहे, ज्याच्याबद्दल लीग फार बोलत नाही. कार्लोस देल्गादो, २००६. हाही पोर्तो रिकोचा. तिथल्या व्हिएकेस बेटावर अमेरिकन नौदल कित्येक दशकं बॉम्बफेकीचा सराव करायचं. देल्गादो त्याविरुद्ध उघड उभा राहिला, स्वतःचे पैसे घातले. इराक युद्धाच्या विरोधात २००४ च्या हंगामात त्याने सामन्यात 'गॉड ब्लेस अमेरिका' चालू असताना बाहेर येऊन उभं राहायचं नाकारलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली तरी तो डगमगला नाही. मेट्सकडे आल्यावर त्याने क्लेमेंतेसाठी २१ नंबर घेतला आणि पहिल्याच वर्षी पुरस्कार मिळाला.

क्लेमेंतेही असाच तोंडावर बोलणारा होता. त्याला नुसता दानशूर संत करून ठेवलं की बसमधला डबा नाकारणारा माणूस पुसला जातो. देल्गादोला हा पुरस्कार मिळाला याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

वऱ्हाडी_माणूस
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. यादी चाळताना १९७४ च्या विली स्टार्जेलपाशी थांबलो. तोही पायरेट्सचाच, क्लेमेंतेचा सहकारी. त्याने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी काम केलं, अमेरिकेतल्या काळ्या समाजात या आजाराबद्दल जागृती आणि निधी.

आमच्या विदर्भात सिकलसेल काय ते समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोलीत, तिकडे नंदुरबारला, घराघरात पेशंट आहेत. थंडी वाढली की लेकरं हातपाय धरून रडतात, सांधे ठणकतात, वारंवार रक्त द्यावं लागतं. मी आरोग्य खात्यात काम केलंय. लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगायला गेलं की लोक पोरीचं नाव खराब होईल म्हणून दार लावतात. अशा वेळी गावाने डोक्यावर घेतलेला एखादा खेळाडू येऊन बोलला असता तर आमचं निम्मं काम झालं असतं. स्टार्जेल १९७० च्या दशकात हे करत होता. त्याचे होमरन मी पाहिले नाहीत, पण या कामासाठी त्याला माझा नमस्कार.

रानवारा
वऱ्हाडीभाऊ, फार मोलाचं लिहिलंत.

पिट्सबर्गकर
स्टार्जेलबद्दल इतकं आतून लिहिलेलं मी इथे पिट्सबर्गातही वाचलं नाही. मनापासून आभार.

सुनीती
पत्नी व्हेरा यांच्याबद्दल धाग्यात जास्त यायला हवं. नवरा गेला तेव्हा पदरात तीन लहान मुलगे. क्लेमेंतेची इच्छा होती की कॅरोलिनात मुलांसाठी मोठी क्रीडानगरी व्हावी, गरिबांच्या पोरांना फुकट खेळता यावं. ती त्यांनी उभी केली आणि वर्षानुवर्षं चालवली. इव्हान रॉड्रिगेझ, हुआन गोन्झालेझ, बर्नी विल्यम्स हे मोठे खेळाडू लहानपणी तिथे खेळलेत. पुरस्कार द्यायला त्या स्वतः यायच्या. २०१९ च्या नोव्हेंबरात गेल्या. सत्तेचाळीस वर्षं एका माणसाचं काम पुढे नेणं, तेही पैशाची ओढाताण होत असताना. पुरस्काराला जे वजन आलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

चेंडूफळी
नवीन सभासद आहे, प्रश्न विचारतो. जॅकी रॉबिन्सनचा ४२ नंबर १९९७ मध्ये सगळ्या संघांनी निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. मग २१ का नाही करत?

लेगकटर
पोर्तो रिकोच्या लोकांची ही जुनी मागणी आहे. विरोधही आहे. रॉबिन्सनची मुलगी शॅरन हिनेच म्हटलं होतं की तो मान तिच्या वडिलांपुरता राहावा. मला तिचं पटतं. रॉबिन्सनने गोऱ्यांच्या लीगचं दार काळ्यांसाठी उघडलं, ती घटना एकच. दुसरा नंबर निवृत्त केला की तिसऱ्याची मागणी येणार.

सुनीती
मला नाही पटत. लीगमध्ये आज लॅटिन अमेरिकेतले खेळाडू किती आहेत बघा. त्यांच्यासाठी दार उघडणारा क्लेमेंतेच. त्याच्याआधीही काही जण आले, पण त्याच्याइतकी मान ताठ ठेवून कुणी वावरलं नाही. १९७१ ची वर्ल्ड सीरिज जिंकल्यावर टीव्हीवर मुलाखत झाली, तेव्हा इंग्रजीत बोलण्याआधी त्याने स्पॅनिशमध्ये आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. सगळी अमेरिका बघत असताना. पोर्तो रिकोतल्या म्हाताऱ्या लोकांना तो क्षण अजून पाठ आहे.

पिट्सबर्गकर
माझं मत थोडं निराळं आहे. नंबर निवृत्त केला तर तो भिंतीवर जातो. आत्ता दर १५ सप्टेंबरला जिवंत खेळाडू तो घालतात, घालायचा की नाही ते स्वतः ठरवतात, आणि पोरं आईबापांना विचारतात की आज सगळ्यांचा नंबर सारखा का. मला हे जास्त आवडतं. पोर्तो रिकोच्या मित्रांशी यावरून माझे वाद होतात, त्यांचा मुद्दाही मी समजू शकतो.

चेंडूफळी
आणि भारताचा काही संबंध?

पिट्सबर्गकर
थोडा आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये त्यांना करारबद्ध केलं ते पायरेट्सनीच. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाने घेतलेले ते पहिले भारतीय. मुख्य लीगपर्यंत पोचले नाहीत, पण क्लेमेंतेच्या संघाचा करार त्यांच्या नावावर आहे.

रानवारा
पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे ओहायोला येतोय, पिट्सबर्ग जवळच आहे. क्लेमेंतेचं काय काय बघता येईल?

पिट्सबर्गकर
जरूर या. सामन्याच्या दिवशी या, म्हणजे डाउनटाउनमधून क्लेमेंते पूल गाड्यांना बंद असतो आणि त्यावरून पायी पीएनसी पार्कला, म्हणजे पायरेट्सच्या स्टेडियमला, जाता येतं. पिवळा पूल, नदीवर, अल्याड-पल्याड लोकांची रीघ. पार्कच्या बाहेर त्याचा पुतळा आहे, बॅट खाली टाकून धावायला निघालेला. आत गेल्यावर राइट फील्डची भिंत बघा. ती मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे. त्या बाजूची तिकिटं मिळाली तर तीच घ्या.

शहराच्या ओकलंड भागात फोर्ब्स फील्ड या पायरेट्सच्या जुन्या स्टेडियमच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे, विद्यापीठाच्या आवारात. स्टेडियम कधीच पाडलं, पण दर १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमतात आणि १९६० च्या अंतिम सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथली पाटी, शेजारच्या पॉस्वार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली ठेवली आहे, लोक नकळत तिच्यावरून चालत जातात.

शहराच्याच लॉरेन्सव्हिल भागात जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत क्लेमेंते संग्रहालय आहे. तिथे आधी वेळ ठरवूनच जावं लागतं, माहिती देणारा माणूस बरोबर फिरतो. दोन तास हाताशी ठेवा. मॅनी सँगिएन हा संघातला कॅचर, क्लेमेंतेचा जिवलग. अपघातानंतर पोर्तो रिकोत सगळा संघ प्रार्थनेला जमला होता, तेव्हा हा एकटा समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधत होता. त्याच्याबद्दल तिथल्या माणसाला आवर्जून विचारा.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तारखा जुळल्या तर मी बरोबर येतो.